न झिजलेलं जस्त

दादा,

तुझ्या तेराव्याला आलेल्या प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला, "आता एकटी कशी राहणार?" शेजारच्या काकूंनी विचारला, तुझ्या नितीनने कॅनडाला परत जाताना दारात बूट घालता घालता विचारला. मी सगळ्यांना "राहीन की" म्हटलं आणि पानात अजून एक जिलबी वाढली. दुसरं काय सांगणार? एकट्या भदौरियाजींनी वेगळं विचारलं. जेवून, हात धुऊन, दारापाशी घुटमळत म्हणाले, "दीदी, बुरा मत मानना. वो इंजन का क्या करें? दादा थे तो चल रहा था. अब उस पुराने लोहे को देखेगा कौन? हम तो सोच रहे हैं, निकलवा के कबाड़ी को दे दें. नाव के पीछे नया वाला टाँग लेंगे."

तिघऱ्याच्या तलावावर त्यांचा मासेमारीचा ठेका, त्यांची ती जुनी लाँच, आणि तिच्या पोटात बसवलेलं ते डिझेलचं धूड. जहाजावरची नोकरी संपवून तू ग्वाल्हेरला परत आलास तेव्हापासून त्याची देखभाल तूच केलीस. भदौरियाजींचं काही चुकत नव्हतं. मांजर गेल्यावर दुधाची वाटी कोण ठेवतं? पण माझ्या तोंडून निघून गेलं, "रुकिए ज़रा. पहले मैं देखूँगी."

मी किल्ल्याची भिंत दोराशिवाय चढेन म्हणाले असते, तरी त्यांनी माझ्याकडे याहून वेगळं पाहिलं नसतं. त्यांचं सोड, मी स्वतःच चकित झाले. मी ते इंजिन कधी पाहिलंच नव्हतं. त्याचे अवयव तेवढे पाहिले होते, तू एकेक करून घरी आणायचास म्हणून.

आपल्या घराण्यात तू म्हणजे अजबच प्रकार होतास. पूर्वज घोड्यावर बसून दख्खनमधून आले, तेव्हापासून आपण इथे ग्वाल्हेरात, गोरखी मोहल्ल्याच्या आसपास. पाणी पाहिलं ते घागरीतलं आणि नळाचं, तेही येईल तेव्हा. अशा घरातला पोरगा उठतो आणि समुद्रावर जातो! आई देवघरात म्हणायची, "बाकी सगळ्यांना बुद्धी दे, याला पोहायला शिकव." तू गेलास, अर्धं जग बघितलंस आणि परत आलास ते हाताला डिझेलचा वास घेऊन. तोवर वहिनी राहिली नव्हती, नितीन परदेशी. वरची खोली तुझी, खालची माझी. दोघांनाही वाटत होतं, की आपण दुसऱ्याला सांभाळतोय.

मग माझी शाळा संपली. हे मी तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. निवृत्तीनंतरचे ते पहिले महिने फार वाईट होते. इतकी वर्षं दिवसभर वर्गात बोलत आले होते, आणि अचानक बोलायला माणूसच नाही. तू संध्याकाळी खाली यायचास. "अजून पोळी?" "नको." "ताक?" "चालेल." एवढा आपला संवाद. कधी कधी मी दुपारी रेडिओला उत्तरं द्यायचे. तुला ते जिन्यावरून ऐकू येत होतं का, हे विचारायचं राहिलं.

आणि एका संध्याकाळी तू ग्रीसने माखलेल्या फडक्यात काहीतरी गुंडाळून आणलंस आणि माझ्या कपाशेजारी ठेवलंस. बोटभर लांब, करड्या रंगाची धातूची कांडी.

"बघ मास्तरीण. वर्षभर पाण्यात होती. एक कण पण गेला नाही. आपला तिघरा किती सज्जन आहे बघ."

पुढचं तुला सांगायला नको, पण मला एकदा पुन्हा म्हणायचंय, कारण हे ऐकून घेणारं आता दुसरं कोणी नाही. इंजिनाच्या पोटात लोखंड, तांबं, पितळ अशी मंडळी एकाच पाण्यात नांदतात. पाण्यात दोन धातू शेजारी आले की दुबळा झिजतो. हे मी मुलींना लिंबात खिळा आणि तांब्याची तार खुपसून शिकवत आले. म्हणून बोटीवरचे लोक इंजिनाच्या कूलरमध्ये एक जस्ताची कांडी बसवतात. कूलर म्हणजे आपल्या खिडकीतला वाळ्याचा नव्हे, इंजिनाला गार ठेवणारा. पाण्याने खायचं तर त्या कांडीला खावं, इंजिनाला सोडावं. समुद्रात ती कांडी बघता बघता विरघळते. तू आयुष्यभर अशा कांड्या बदलल्या होत्यास, आणि तीच सवय घेऊन तू तलावावर आलास.

"अगं, समुद्रावर हीच काही महिन्यांत साफ होऊन जाते," तू म्हणालास. "इथे जशीच्या तशी. याचा मतलब काय, की गोड्या पाण्यात जंग लागतच नाही."

"याचा मतलब हा, की तुझी कांडी झोपून राहिली आहे," मी म्हटलं. "हिच्या अंगावर पांढरी साय दिसते का? गोड्या पाण्यात जस्तावर ही साय धरते, मग ते काही कामाचं राहत नाही. इथे मॅग्नेशियम पाहिजे. ही शाबूत आहे ना, म्हणजे तिच्याऐवजी तुझं इंजिन खाल्लं जातंय. कामचुकार आहे ही!"

आणि मी स्वयंपाकघरातून विळी घासायची कानस आणून तुझ्या कांडीवर खर्रकन फुलीच मारली. सायीखालून जस्त चमकलं. तू इतका चिडलास की दुसरा चहा न घेताच वर गेलास. मला त्या रात्री किती दिवसांनी छान झोप लागली.

त्यानंतर हा वाद आपल्या घरातला तिसरा माणूस होऊन राहिला. मी म्हणायचे, खिडकीतल्या कूलरची टाकी दरवर्षी सडते, ती काय समुद्रात ठेवतो आपण? तू म्हणायचास, तो पत्रा आहे, हे बीड आहे, पत्र्याची आणि बिडाची बरोबरी करू नकोस. एकदा तू धुराचा वाकडा पाइप घरी आणलास. बाहेरून धडधाकट. मी त्यात स्वेटर विणायची सुई खुपसली, ती आरपार गेली. मी टाळीच वाजवली. तू शांतपणे म्हणालास, "धूर आणि पाणी एकत्र आलं की कोणाचं पण असंच होतं. यात जस्ताचा काय दोष?" तेव्हा तुझं बरोबर होतं. मी ते कबूल केलं नव्हतं. आता करते.

पावसाळ्यात मासेमारी बंद असायची, तेव्हा तू कूलरच्या नळ्यांचा जुडगा काढून आणायचास आणि आपल्या आंघोळीच्या टबात टाटरीच्या, म्हणजे लिंबूसत्त्वाच्या, पाण्यात भिजत घालायचास. ती टाटरी पाटणकर बाजारातून मी आणायची. तो किराणावाला विचारायचा, "दीदी, शरबत का ठेला लगा रही हो क्या?" नळ्यांतून बुडबुडे यायचे, खवले सुटायचे, पाणी हिरवंनिळं व्हायचं, आणि आपण दोघं टबाच्या दोन बाजूंना स्टूल टाकून भांडत बसायचो. आंघोळ मात्र दोन दिवस शेजारच्या काकूंकडे.

आणि दर वर्षी, नेमाने, तू ती जस्ताची कांडी फडक्यात गुंडाळून आणायचास. "बघ. यंदा पण शाबूत." मी हात पुढे केला की मागे घ्यायचास, "राहू दे, ग्रीस आहे, साडी खराब करून घेशील." मला वाटायचं, पुन्हा फुली मारेन म्हणून घाबरतो.

शेवटच्या संध्याकाळीही तेच चाललं होतं. तू म्हणालास, "मास्तरीण, तुझं सगळं पुस्तकातलं. माझ्या जस्ताने समुद्र पाहिलाय." मी म्हणणार होते, की म्हणूनच त्याला तलावाचं काही कळत नाही. छान उत्तर होतं, जिभेवर आलं होतं. तेवढ्यात कुकरची शिटी झाली आणि मी उठले. वरण काढून परत आले तोवर तू वर गेला होतास. मी म्हटलं, उद्या देईन उत्तर, पळून कुठे जातोय.

पळून गेलासच की.

तर दादा, मी तिघऱ्याला गेले. तुझी पत्र्याची हत्यारांची पेटी ऑटोत पायाशी घेतली. ती उचलताना कळलं, या वयात तू हे ओझं जिना उतरवून नेत होतास आणि मी खालून "सावकाश" एवढंच ओरडायचे. तलावावर थंडी होती. भदौरियाजींनी हात धरून मला लाँचवर घेतलं, फळ्या उचलल्या, आणि मी पहिल्यांदा त्याला पाहिलं.

खरं सांगू? मी जिंकायला गेले होते. इंजिन वाचवायचं होतंच, पण मनात होतं, की उघडेन तेव्हा आत गंजाचा चिखल असेल, जस्ताची कांडी ऐटीत शाबूत बसलेली असेल, आणि मी मनातल्या मनात तुला म्हणेन, बघ. तुझ्यावर रागवायला मिळेल, असं काहीतरी हवं होतं मला. रागावले असते तर तू जरा जवळ आल्यासारखा वाटला असतास.

पण आत चिखल नव्हता. म्हातारं इंजिन, रंगाचे थरावर थर, प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर ग्रीसची टोपी. पाणी सोडायच्या चावीशेजारी सुतळीने एक तार बांधून ठेवलेली. ती कशाला ते मला ठाऊक होतं. तू म्हणायचास, चावी उघडून पाणी आलं नाही तर आत पाणी नाही असं समजायचं नाही, गंजाचा चोथा अडकलेला असतो, तार घालून बघायचं. मी चावी उघडली, तार हातात तयार ठेवली. तारेची गरजच पडली नाही. पाणी धार धरून आलं, आणि जवळजवळ स्वच्छ आलं.

मला काही कळेना. इतकी वर्षं निजलेलं जस्त, आणि इंजिन इतकं नीट?

मग कूलरच्या टोकाचं ते पितळी बूच. त्यालाच आतून कांडी जोडलेली असते, हे मला माहीत होतं. पाना लावला, हलेना. भदौरियाजी म्हणाले, "हटो दीदी, हथौड़ा मारते हैं." मी म्हटलं, "बिल्कुल नहीं." तेल सोडलं, पान्याच्या मुठीने हलके हलके ठोकलं, थांबले. तू स्टुलावर बसून जे शंभरदा बडबडायचास आणि मी ऐकत नाहीये असं दाखवायचे, ते सगळं जसंच्या तसं आठवलं. आधी थोडं आवळ, मग सोड. मी आधी थोडं आवळलं. कट्ट असा आवाज आला आणि बूच फिरलं.

बाहेर आली ती कांडी नव्हती, कांडीचा बुंधा होता. किडलेल्या दातासारखा, खड्डे पडलेला, अर्ध्याहून जास्त खाल्लेला. मी तळहातावर घेतला आणि दादा, त्याला वजनच नव्हतं.

आयुष्यभर वर्गात मॅग्नेशियमच्या फिती जाळल्या आहेत मी, मुलींचे डोळे दिपवले आहेत. तो हलकेपणा माझा हात विसरेल का? तरीही विश्वास बसेना. नळ्यांसाठी टाटरीचं पाणी बाटलीत भरून नेलं होतं, त्यातलं बाटलीच्या झाकणात घेतलं आणि बुंधा त्यात टाकला. भसाभसा फेस आला. मॅग्नेशियमच.

मग तुझी पेटी उपसली. तळाशी बिस्किटांचा डबा. त्यात अशाच झिजलेल्या बुंध्यांचा ढीग. काही जुने, काळवंडलेले, एकाचा तर नुसता आट्यांचा भाग उरलेला. एका बाजूला कागदात गुंडाळलेल्या कोऱ्या कांड्या. मुंबईहून तुझ्या जुन्या सोबत्याकडून पार्सल यायचं आणि तू म्हणायचास "वॉशर आहेत, वॉशर", ते हेच. आणि सगळ्यात खाली, त्या ओळखीच्या फडक्यात, जस्ताची कांडी. मी फडकं सोडलं. पांढऱ्या सायीवर माझ्या कानशीची फुली, पाण्यात असती तर सायीने कधीच भरून गेली असती.

म्हणजे तीच. दर वर्षी दाखवलीस ती हीच एक. "यंदा पण शाबूत." शाबूत राहणार नाही तर काय, डब्यात होती!

भदौरियाजी घाबरले. "क्या हुआ दीदी? ख़राब है क्या?"

"नहीं. एकदम बढ़िया है."

"तो रो क्यों रही हो?"

मी रडत होते की हसत होते, मलाच ठाऊक नव्हतं. लबाड! मेल्या, तू केव्हाच हरला होतास. बहुधा त्या पहिल्याच वर्षी, मी फुली मारली त्यानंतर लगेच. गुपचूप मॅग्नेशियम मागवलंस, बसवलंस, ते झिजताना पाहिलंस, मास्तरीण बरोबर आहे हे तुला कळलं, आणि तरी दर संध्याकाळी खाली येऊन माझ्यासमोर जस्ताची बाजू लढवत राहिलास. इतक्या तळमळीने, की एकदा तर रागाने ताट सरकवलं होतंस. काय नाटक्या होतास तू!

सुरुवातीला मला वाटलं, पुरुषी ताठा. बहिणीपुढे "तुझं बरोबर" म्हणायला जीभ रेटली नसेल. लाँचवर बसून मी तसंच समजून घेतलं. घरी येताना ऑटोत, पेटी पायाशी घेऊन बसले असताना, ती पहिली संध्याकाळ आठवली. रेडिओला उत्तरं देणारी मी. आणि नेमकी तेव्हाच तू ती कांडी माझ्या कपाशेजारी ठेवलीस. दादा, "तुझं बरोबर" म्हटलं असतंस तर आपण दुसऱ्या दिवसापासून काय बोललो असतो? "अजून पोळी?" "नको."

ताठा नव्हता तो. हे कळल्यावर ऑटोवाल्याला फुलबागेपाशी दोन मिनिटं थांबव म्हटलं.

मी तुला विचारू शकले असते, दादा, कशासाठी करतोस एवढं? तूही सांगू शकला असतास. आपल्या घरात अशा गोष्टी बोलायची रीत नाही. आपल्याकडे माया दाखवायची म्हणजे समोरच्याच्या चुका काढायच्या. आईनेही बाबांना आयुष्यात एकदाही "काळजी वाटते" म्हटलं नाही. "मफलर विसरलात, अक्कल पण विसरा" एवढंच म्हणत राहिली. तू तिचाच मुलगा. आणि मी मुलगी.

इंजिनाचं म्हणशील तर, मी कोरी कांडी बसवली. बूच आवळलं, तू आवळायचास तसं, जोर न लावता. भदौरियाजींनी चालू केलं. आधी खोकलं, मग काळा धूर सोडला, आणि मग ते बोलायला लागलं. दादा, त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता! तू जेवताना मांडीवर बोटांनी जो ठेका धरायचास आणि मी "बंद कर ते" म्हणायचे, तोच हा आवाज. पाण्यावर बसून मी तो ऐकत राहिले. मागून पाणी सोडत होतं, कोमट, स्वच्छ.

"चल तो रहा है," भदौरियाजी म्हणाले. "पर दीदी, आगे?"

"आगे मैं आऊँगी. पावसाळ्याच्या आधी पाणी मैं निकालूँगी, टाटरी मैं लाऊँगी." माझी हिंदी घाईत नेहमीच अशी खिचडी होते.

त्यांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "ठीक है. इस साल तो रहने देते हैं. कबाड़ी कहीं भागा नहीं जा रहा." एक वर्ष मिळालंय. तेवढं पुष्कळ आहे. एका वेळी एकच वर्ष मागायला मी शिकून घेईन.

आता संध्याकाळ आहे. खिडकीतल्या कूलरला कापडाचं आवरण घातलंय, तू नेहमी दिवाळीआधी घालायचास, यंदा राहिलं होतं. जिन्यावर पावलं नाहीत. चहा झालाय. तुझी कांडी फडक्यातून काढून मी माझ्या कपाशेजारी ठेवली आहे, फुलीची बाजू वर करून. कुकर मुद्दाम लावलेला नाही. आज मध्येच उठायचं नाहीये.

मी बरोबर होते. इतकी वर्षं ते एकदा तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. आता सगळा पुरावा बिस्किटांच्या डब्यात आहे, आणि दादा, मला तो अजिबात नको आहे. जिंकून मी घरात एकटीच बसले आहे.

म्हणून आजपासून मी तुझ्या बाजूने बोलते. ऐक. मॅग्नेशियम म्हणजे नुसती पुस्तकी मास्तरकी. गोड्या पाण्यात जस्तच पाहिजे. ही बघ कांडी, किती वर्षं झाली, एक कण पण गेला नाही. आपला तिघरा सज्जन आहे, त्याच्यात जंग लागतच नाही.

चूक आहे ना? मग म्हण की.